त्याचं सगळं मनाचं आहे

कर्जत,
सोमवार, दि. १३ जानेवारी २०२५

चि. एडविन यास,
लिडियाआक्काचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. पोस्टात आंतरदेशीय पत्र मागितलं तर खिडकीतली मुलगी माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी चार आण्याचं नाणं पुढे केलंय. शेवटी आतल्या कपाटातून शोधून आणलं. पण माझा नाइलाज आहे. फोनवर तू मला दोनच शब्द देतोस. बरं आहे. जेवलास का विचारलं तर बरं आहे. सिल्व्हिया कुठे आहे विचारलं तरी बरं आहे. परवा मी मुद्दाम म्हणाले की आमचं पुढचं छप्पर पडलं, तर तू बरं आहे म्हणून फोन ठेवून दिलास. पत्रात दोन शब्द लिहून पाठवायची माणसाला लाज वाटते, निदान आपल्या घरात वाढलेल्या माणसाला वाटायला हवी. पप्पांनी आपल्याला अक्षरओळख झाली तशी पत्रं लिहायला बसवलं होतं.

आता नाताळाविषयी. पंचवीस तारखेला पहाटे उठून मी तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक केला. मऊ भात, बिनतिखटाची दुधी, जिऱ्याचं ताक. तू दोन घास खाल्लेस, मागच्या खोलीत गेलास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. सव्वीसला कोणी उठायच्या आत पहिली गाडी धरून कोल्हार गाठलंस. नातवंडांनी विचारलं की मामाआजोबा रागावले का. मी म्हणाले, त्यांचं पोट रागावलंय. सगळे हसले, मीही हसले, आणि मग मला राग आला. कोणाचा ते अजून ठरलेलं नाही, तूर्त तुझाच समज.

शेजारच्या बनुबाईंनी बेलफळाचा मुरंबा दिलाय, तो इथल्या एका मास्तरांबरोबर पाठवते. सकाळी अनशापोटी एक चमचा. त्यांच्या जावयाला तीन आठवड्यांत गुण आला म्हणतात. मिरजगावकडे एक जण नाडी बघतो, त्याचाही पत्ता घेऊन ठेवलाय. आणि एक सांगू का, चोवीस तास पोटाचाच विचार करत बसलास तर पोटाला दुसरा उद्योगच राहत नाही. थोडं मन रमव. मंडळीच्या गायनात जा, तुझा आवाज काय पेटीत ठेवायला दिलाय का देवाने.

सविस्तर लिही. माया आहे म्हणून चिडते, हे तुला पन्नाशी आली तरी सांगावं लागतं.

तुझी,
लिडियाआक्का


कोल्हार,
दि. २४ जानेवारी २०२५

ती. लिडियाआक्का हिस,
एडविनचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने घरी न देता स्टँडवर आणून दिलं, चार लोकांत, आणि विचारलं की काय कोर्टाची नोटीस हाय का. मी म्हणालो त्याहून वाईट, बहिणीचं आहे.

मुरंबा मिळाला. बनुबाईंना सांग गुण आला. आलेला नाही, पण सांग. आजवर मी ताक-सुंठ घेतली, डाळिंबाची साल उकळून प्यालो, इसबगोल खाल्लं, गहू सोडला, दूध सोडलं, मग एकाने सांगितलं म्हणून दूध परत धरलं. नाडीही तीन जणांना दाखवली. एकाला वात दिसला, एकाला पित्त, तिसऱ्याने करणी सांगितली. मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आहेत, हे दुर्बिणीतून बघून सात वर्षं झाली. व्रणाला मुरंबा कळत नाही, आक्का.

सविस्तर लिही म्हणतेस, तर घे. कोल्हार ते पाथर्डी हा रस्ता तुला गावांच्या नावांनी माहीत असेल. मला तो संडासांनी माहीत आहे. राहुरीला एक, नगरला एक, पुढे घाट लागेपर्यंत जीव मुठीत, आणि घाटात झुडपं. गाडीत सत्तर माणसं, निम्म्या बायका अर्ध्या तिकिटावाल्या, सगळ्यांकडे सुट्ट्यांची बोंब, आणि पोटात कळ. अशा वेळी कंडक्टरने काय करावं हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. आमचा ड्रायव्हर अजिनाथ पाथर्डीकडचाच आहे. त्याला आता माझ्या चेहऱ्यावरून कळतं. मी घंटी मारायच्या आत तो गाडी कडेला घेतो, खाली उतरतो आणि टायरला लाथा मारत बसतो. हवा बघतोय म्हणून सांगतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हवा बघतो. रोजचे प्रवासी म्हणतात ही गाडी लई पंक्चर होती. मी त्याला एकदा हात जोडले तर म्हणाला, त्यात लाजायचं काय हाय मास्तर, इंजनला बी थांबावं लागतंच की.

त्यामुळे ड्युटीच्या दिवशी मी खात नाही. पोटात काही नसलं तर ते काय करणार असा हिशेब. तरी करतं.

नाताळाला मी रागावलो नव्हतो. भिंतीकडे तोंड करून झोपलो, कारण दुसरीकडे तोंड केलं की कोणीतरी विचारतं. रागवायला अंगात काहीतरी लागतं, ते आता राहिलेलं नाही. गायन सोडलं. मधेच उठून जावं लागतं आणि मग सगळे माझ्या पाठीकडे बघून गातात. आणि मन रमव वगैरे लिहिलंस ते वाचलं. मन हा शब्द तू तरी माझ्यापाशी काढू नकोस, एवढी मेहेरबानी कर.

अठरा फेब्रुवारीला नगरच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे तारीख आहे. जाईन.

तब्येत सांभाळ. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
एडविन


कोल्हार,
शनिवार, दि. १५ मार्च २०२५

ती. आक्कांस,
सिल्व्हियाचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

हे पत्र मी अंगणवाडीत बसून लिहीत आहे, पोरं झोपली आहेत. तुम्ही मला कधी पत्र लिहिलं नाही आणि मीही तुम्हाला लिहिलं नाही, म्हणून मायना चुकला असेल तर माफ करा. घरातून फोन करता येत नाही. हे आतल्या खोलीत असतात आणि सगळं ऐकतात, बोलत मात्र नाहीत.

राखेच्या बुधवारपासून यांनी चाळीस दिवसांचा उपास धरला आहे. आपल्यात लेंटचे दिवस पाळतात, त्यात नवल नाही. पण हे दिवसभर पाण्यावर राहतात आणि रात्री अर्धी भाकरी दुधात बुडवतात, तीही कधी तशीच राहते. मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात नाव घेऊन कौतुक केलं की आजार असूनही एडविनभाऊ आपल्याला लाजवतात. बाहेर पडताना बायकांनी मला घेरलं, किती भाग्याची गं तू. मी हसले. आक्का, हा उपास नाही. उपासात माणूस प्रार्थना तरी करतो. हे जेवत नाहीत, एवढंच आहे. लेंट आलं म्हणून त्याला नाव मिळालं. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली आहेत. रजेच्या दिवशी अंघोळ करत नाहीत. रेडिओ लावला की बंद करा म्हणतात, बंद केला की तो का बंद केला म्हणून भिंतीकडे बघत बसतात. मी आता इतकी वैतागले आहे की परवा भांडं आपटलं, आणि त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

नगरचं तुम्हाला त्यांनी कळवलं नसेल, म्हणून सांगते. अठरा तारखेला मी बरोबर होते. दुर्बिणीतून बघितलं, तर आतडं मागच्या वर्षीपेक्षा पुष्कळ बरं निघालं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं की मग तुम्ही असे का दिसता. झोप लागते का, काही आवडतं का, पुढे काय करायचं मनात आहे. प्रत्येकाला यांचं एकच, बरं आहे. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की पोटाची आणि मेंदूची सारखी ये-जा असते. वर्षानुवर्षं आतडं दुखलं की माणूस आतून खचतो, आणि खचला की आतडं पुन्हा बिघडतं. औषध दोन्हीकडे लागतं. मनाच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, हे तुमच्या मनाचंही आहे.

तो शब्द ऐकला आणि हे उठले. चिठ्ठी मी घेतली, ती स्टँडवर माझ्या हातातून घेऊन चार तुकडे केले. मला म्हणाले, अकरा वर्षांनी शेवटी आक्काचंच खरं ठरलं. त्या दिवसापासून पोटाच्या गोळ्याही बंद. मनाचं आहे तर गोळ्या कशाला, असं विचारतात.

तुम्ही तेव्हा काय बोलला होता ते मला आठवतं. मी आत पुऱ्या तळत होते आणि बाहेर मांडवात सगळे हसलेले ऐकू आले होते. तुम्हाला आठवतं का, ते मला माहीत नाही. मी धाकटी आहे, पण लिहिते.

मला भीती वाटते. कशाची, ते लिहवत नाही. गाडीला वीस मिनिटं उशीर झाला की मी दारात जाऊन उभी राहते. लेकीला, प्रार्थनाला, पुण्यात काही कळवलेलं नाही, तिची परीक्षा आहे. तुम्हीच काय ते बघा.

आपली,
सिल्व्हिया


कर्जत,
बुधवार, दि. १९ मार्च २०२५

एडविन,
आशीर्वाद आहेतच, आधी ऐक.

सिल्व्हियाने मला सगळं लिहिलं. तिच्यावर डोळे वटारलेस तर गाठ माझ्याशी आहे.

मला आठवतं. पप्पांना जाऊन वर्ष झालं, त्या प्रार्थनेचा दिवस होता. दारात मांडव, शंभर माणूस जेवायचं. तुला सकाळी जुलाबाने उभं राहवेना म्हणून मी तुला डॉक्टरकडे नेलं. त्याने दोन बोटांनी पोट दाबलं आणि म्हणाला काही नाही, मनाचं आहे. मला पाहुण्यांची घाई होती. मी मांडवात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की काळजीचं काही नाही, त्याचं सगळं मनाचं आहे. बत्तीस वर्षं मी वर्गात पोरांना दटावलंय की गृहपाठ दाखव, मनाचं सांगू नकोस. मनाचं म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही. मनाचं म्हणजे खोटं. मंडळीतल्या अब्राहामभाऊंनी तिथल्या तिथे तुला मनाचा एडविन म्हटलं आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात लोक विचारत राहिले की आज आलं का मनाचं. मीही त्यांच्यात हसले आहे.

चार वर्षांनी रक्त पडलं आणि व्रण दिसले, तेव्हा मी दवाखान्यात येऊन नारळपाणी दिलं, रडले, सगळं केलं. तो शब्द तेवढा परत घेतला नाही. वाटलं तू विसरला असशील. खरं तर मीच विसरायचं ठरवलं होतं. आज परत घेते. मी चुकले. तू तेव्हाही खरं सांगत होतास आणि मी तुला शंभर माणसांत खोटं पाडलं. याची मला लाज वाटते, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून पुढचं रागाने लिहिते.

गाढवा, डॉक्टरीणबाईंनी माझाच शब्द वापरला म्हणून माझंच म्हणणं झालं का. मी मनाचं म्हणाले म्हणजे काही नाही म्हणाले. त्या म्हणाल्या की पोटात आहे आणि मनातही आहे. एक दुखणं होतं त्याची दोन झाली, आणि तू दोन्हीची औषधं बंद करून बसलास. कुठली ही अक्कल. पायाला काटा लागून ताप आला तर ताप खोटा म्हणतोस का.

उपास आज सोड. देवाला तुझी उपासमार कशाला हवीय, त्याने मागितलेली नाही. पाळकसाहेबांना कौतुकाला दुसरं कोणीतरी सापडेल. गोळ्या सुरू कर, आणि सिल्व्हियाला घेऊन नगरला जा. गेला नाहीस तर मी येते, आणि मी आले की काय होतं ते तुला माहीत आहे.

वाचून झाल्यावर पत्र फाडायचं असेल तर फाड. आधी जेव.

तुझी,
लिडियाआक्का


कोल्हार,
दि. १ एप्रिल २०२५

ती. आक्कास सलाम.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. शब्द परत घेतलास, चांगलं केलंस. फक्त परत घेतलास तो पत्रात, आणि ते मी एकट्याने वाचलं. दिलास तेव्हा शंभर माणूस होतं. अब्राहामभाऊ अजून परवा स्टँडवर भेटले तेव्हा तेच विचारून गेले.

बाकी तू काय, सिल्व्हिया काय, डॉक्टर काय, सगळे माझ्या पोटाशी बोलता. कसं आहे पोट, आज काय म्हणतंय पोट, पोटाला हे दे, पोटाला ते नको. मी जणू त्याला गावोगाव फिरवणारा गडी. आता पोट संपलं म्हणून मन काढलंत. त्याच्याही चौकशा सुरू होतील. मला त्याचा कंटाळा आलाय. कंटाळा म्हणजे चिडून म्हणतात तसा नाही. खरा.

नगरला जाणार नाही. तूही येऊ नकोस. कोणी काही विचारू नये, एवढंच मागणं आहे.

एडविन


कर्जत,
दि. ७ एप्रिल २०२५

चि. सौ. सिल्व्हिया हिस आशीर्वाद.

कार्ड उघडं आहे म्हणून थोडक्यात लिहिते. झावळ्यांच्या रविवारी, तेरा तारखेला, सकाळच्या गाडीने येत आहे. त्याला सांगू नकोस. पाळकसाहेबांना फोन करून साक्षीसाठी पाच मिनिटं मागून घेतली आहेत. साक्ष माझी आहे, त्याच्या आजाराविषयी मी अवाक्षर काढणार नाही. तोवर त्याला एकटं सोडू नकोस. तुला कशाची भीती वाटते ते मला कळलं, लिहायची गरज नाही. नगरच्या डॉक्टरीणबाईंकडून दुसरी चिठ्ठी आण, मी येईपर्यंत तुझ्यापाशी ठेव. तूही वेळेवर जेवत जा.

तुझी,
लिडियाआक्का


कोल्हार,
सोमवार, दि. २८ एप्रिल २०२५

ती. लिडियाआक्का हिस,
एडविनचा सलाम. वि. वि.

पहिल्यांदा भांडण, मग बाकीचं.

झावळ्यांच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर दाराशी बसलो होतो. पोरं झावळ्या हलवत होसान्ना म्हणत फिरली, पाळकसाहेबांनी साक्ष कोणाची विचारलं, आणि पुढे तू उभी. मला वाटलं उन्हाने भ्रम झाला. देवाने काय केलं हे सांगायला लोक साक्षीला उभे राहतात, स्वतः काय केलं हे सांगायला कोणी राहत नाही. तू सरळ सांगितलंस की अकरा वर्षांपूर्वी या मंडळीतल्या शंभर माणसांसमोर मी माझ्या भावाला खोटं पाडलं, तो खरं सांगत होता, मी चुकले. इथवर थांबली असतीस तर मी मान खाली घालून बसलो असतो. पण बाईंना वर्ग आठवला. अब्राहामभाऊंकडे बोट करून तू त्यांना उभं केलंस. अडुसष्ट वर्षांचा माणूस, मंडळीचा खजिनदार. ते उभे राहिले आणि म्हणाले, माझंबी चुकलं. हे त्यांचं मोठेपण. मग जाता जाता सांगितलंस की याच्या उपासाचं कौतुक करू नका, याला वाढा. सिल्व्हियाने मग तुझं कार्ड दाखवलं; आजाराविषयी अवाक्षर न काढण्याची ही तुझी पद्धत.

त्या आठवड्यात घरी अकरा डबे आले. त्यातले सात तिखटजाळ होते आणि दोनांत मटण. मी इतका ओरडलो की शेजारचे बाहेर आले. सिल्व्हिया दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, सहा महिन्यांत तुमचा आवाज ऐकला नव्हता. मऊ भात तेवढा मी खाल्ला, सत्यशीलामावशींच्या डब्यातला. तुला कळवायला हरकत नाही.

त्याच बुधवारी नगरला गेलो. तुझ्यामुळे गेलो असं समजू नकोस. ईस्टरला तू पुन्हा येऊन आणखी कोणाला उभं करशील या धास्तीने गेलो. दुसरी चिठ्ठी सिल्व्हियाने पर्समध्ये तयार ठेवलीच होती. तुम्ही दोघी आता पत्रांवरून संगनमत करता, ते माझ्या लक्षात आलंय.

मनाचे डॉक्टर पोरगेले आहेत, कमी बोलतात. पोटाविषयी त्यांनी शेवटी विचारलं. आधी विचारलं की सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा काय वाटतं. मला वाटलं हा माणूस घाईत नाही. मी गाडीचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं, लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतून उठावं लागतं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, जगू नये असं कधी वाटलं का. सिल्व्हिया शेजारी बसली होती. बरं आहे म्हणायचं तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी हो म्हणालो.

तुलाही सांगतो, कारण दुसऱ्याकडून कळलं तर तू मला जन्मभर ऐकवशील. नगरहून आल्यावर चार दिवसांनी, फेब्रुवारीत, मी संध्याकाळी प्रवरेच्या पुलावर गेलो होतो. फिरायला नव्हे. कठड्याशी उभा होतो. मागून उसाचे ट्रॅक्टर जात होते, ते जाईपर्यंत थांबू म्हणालो. आणि तेवढ्यात पोटात कळ आली. नेहमीचीच, पण अशी की माणसाला दुसरं काही सुचत नाही. आक्का, मी जीव द्यायला गेलो होतो आणि माझ्या मनात आलं की मला बाहेर काढतील तेव्हा पँट घाण झालेली दिसेल, लोक काय म्हणतील. मी पळत सुटलो. स्टँडमागच्या हॉटेलात घुसलो, आत जाऊन बसलो. बाहेर आलो तर अंधार पडला होता आणि हॉटेलवाल्याने विचारलं की चहा टाकू का मास्तर. मी चहा प्यालो आणि घरी आलो. सिल्व्हियाने उशीर का विचारलं, मी म्हणालो पोट. खोटं नव्हतं. ज्याच्यापायी गेलो त्यानेच परत आणलं, अकरा वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या त्याने.

डॉक्टर हसले नाहीत, लिहून घेतलं. सिल्व्हिया आधी हसली आणि मग तिने माझी बाही धरली, ती स्टँडवर येईपर्यंत सोडली नाही. गर्दीत लोक बघत होते. मी सोडवून घेतली नाही.

आता दोन्हीकडच्या गोळ्या चालू आहेत. दोन्ही डॉक्टर आपसात फोनवर बोलतात. नव्या गोळीने तोंडाला कोरड पडते, आणि फरक दिसायला महिना-दीड महिना लागेल म्हणतात. दर आठवड्याला बोलावलंय. पुन्हा तसं मनात आलं तर सिल्व्हियाला सांगायचं किंवा त्यांना फोन करायचा, असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. एकदा सांगितलंही, गुरुवारी. ती म्हणाली थांबा, भाजी उतरवते, आणि येऊन बसली. प्रार्थनाची परीक्षा झाली की तिला मीच सांगणार आहे. डेपोतल्या साहेबांना भेटून दुर्बिणीचे कागद दिले, काही महिने स्टँडवरच आरक्षणाच्या खिडकीवर बसायचं काम मिळेल असं म्हणतात. अजिनाथ नाराज आहे. परवा त्याने घाटात गाडी थांबवली तेव्हा मला काहीच झालेलं नव्हतं, मी आत तिकिटं फाडत होतो. तसं सांगितलं तर म्हणाला, मंग आज मलाच जायचंय आसं समजा.

बरा झालो असं लिहीत नाही. सकाळ अजून नकोशी वाटते. कधी कधी अंथरुणात पडल्या पडल्या वाटतं की हे सगळं कशाला. पण हल्ली ते दुपारपर्यंत पुरत नाही.

झावळ्यांच्या रविवारपासून तुझं एकही पत्र नाही. मी चिडलो म्हणून घाबरलीस असं सिल्व्हिया म्हणते. तू घाबरलीस हे मला खरं वाटत नाही, पण दोन आठवडे झाले. पत्राच्या शेवटी उत्तराची वाट पाहतो असं लिहायची रीत आहे, पप्पा दरवेळी लिहायचे. मी तुला या जानेवारीपासून तसं एकदाही लिहिलं नाही. लिहायचं राहून गेलं असं नाही, मी कशाचीच वाट पाहत नव्हतो. आज दुपारी पोस्टमन आपल्या दारावरून न थांबता पुढे गेला आणि मला वाईट वाटलं. मी चपला घालून फाटकापर्यंत गेलो आणि त्याला हाक मारून विचारलं, कर्जतचं काही हाय का. तो न्हाई म्हणाला.

तेव्हा आक्का, उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
एडविन